ऊ म्हणणाऱ्या चार बायका

आमच्या घरात चार बायका मिळून एक गाणं म्हणायच्या आणि त्या गाण्याला चाल नव्हती. चाल वाईट होती असं नव्हे, मुळात नव्हतीच. बाकी सगळं होतं. सुरुवात होती, शेवट होता, मधे उसासे टाकायच्या जागा होत्या, एकीनं थांबायचं आणि दुसरीनं उचलायचं अशी देवाणघेवाण होती. फक्त गाणं ऐकून घरी जाताना माणूस जे गुणगुणतो, तेवढं नव्हतं. निजामाच्या राज्याची शेवटची तीन-चार वर्षं सास्तूरच्या आमच्या घरात हे गाणं रोज झालं, आणि त्याच गाण्यानं एका दुपारी माझं लग्न मोडायची पाळी आणली. आता सांगायला बसले की नातवंडं म्हणतात, आजी, काहीतरीच तुझं. काहीतरीच होतं खरं.

हे सगळं काकांनी आणलं. काका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. अप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. काकांचं अक्षर फार सुरेख, म्हणून त्यांना कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटवावं असा अप्पांचा बेत होता. काका एक दिवस कुणाला न सांगता सिकंदराबादेला पळाले आणि तिथं छावणीतल्या गोऱ्यांच्या एका क्लबात नकलनवीसच झाले. नकला कसल्या करायच्या, तर बँडच्या गाण्यांच्या. बँडमधल्या प्रत्येकाला आपापला वेगळा कागद लागतो, त्यावर फक्त त्याच्या एकट्याच्या वाद्यानं काय वाजवायचं तेवढं लिहिलेलं असतं. शेजारचा काय वाजवतो ते याला माहीत नाही, याचं शेजाऱ्याला माहीत नाही. काका मागच्या एका खोलीत बसून हे कागद उतरून काढायचे. आधी त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मूळ कागदावर माशी घाण करून गेली होती, काकांनी तो ठिपकाही इमानदारीनं उतरवला, आणि कर्णेवाल्यानं तो सूर दोन महिने वाजवला. क्लबातल्या मडमांना तेवढीच जागा फार आवडायची म्हणे. शेवटी गोव्याकडच्या बँडमास्तरनं कपाळाला हात लावला आणि काकांना ते लिखाण वाचायला शिकवलं.

लढाई पेटली तसे गोरे कुठं कुठं बदलून गेले, बँड मोडला आणि काका एक लोखंडी ट्रंक घेऊन घरी परतले. ट्रंकेत कापडचोपड असेल म्हणून अव्वा, माझी आई, हात पुसून पुढं आली. उघडली तर नुसते कागद. पाच-पाच रेघा आणि त्यांच्यावर काळे ठिपके. माझी विधवा आत्या आमच्याकडंच असायची. ती वाकून बघत म्हणाली, "आरं, कीड लागलीया समद्याला. उन्हात घाल आधी." आणि खरंच एक गठ्ठा उचलून ती अंगणात निघाली. काकांनी धावत जाऊन तिच्या हातातून तो सोडवला. त्याच गठ्ठ्यात ते गाणं होतं.

काका त्याला जाझ म्हणायचे. त्यातही हे संथ जातीचं. गोरे आणि मडमा एकमेकांना धरून या गाण्यावर नाचतात असं त्यांनी सांगितलं तेव्हा अव्वानं पदर तोंडाला लावला. "नाचत्यात म्हणजे काय, वैनी," काका म्हणाले, "नुसतं डुलत्यात. चालतबी न्हाईत आन् थांबतबी न्हाईत." असली गाणी ऐकून भल्याभल्या कर्नलांच्या डोळ्यांत पाणी येतं, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही विचारलं, मग वाजवायचं कशावर? आमच्याकडं वाद्य म्हणजे मठातली घंटा. काका म्हणाले, वाद्य लागतंच कशाला, गळे हायेत की. आणि ते कामाला लागले. रात्रंदिवस हा शब्द मी वापरत नाही, कारण काका दुपारी झोपायचेच. पण महिनाभरात त्यांनी आठ वाद्यांचे कागद पिळून चार गळ्यांत बसवले. अव्वाचा गळा गोल, म्हणून तिला सॅक्सोफोन. आत्याला रडताना हेल काढायची सवय, तिला तो दांडा मागं-पुढं सरकवून वाजवतात तो कर्णा. भिंतीपलीकडं खैरूनबी राहायची, पिंजाऱ्याची बायको. तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, म्हणून तिला छोटा कर्णा, तोही तोंडावर टोपी धरल्यासारखा, दबका. खैरूनबीनं तिचा भाग पहिल्यांदा म्हणून बघितला आणि काकांना म्हणाली, "भैय्या, ये गाना हई क्या पेट का दुखना?" पण दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायानं आली. त्या दिवसांत तिचं आमच्याकडं येणं दोन्हीकडच्या लोकांना खटकायचं, तरी ती यायची.

चौथी मी. इथं माझ्या आवाजाचं सांगितलं पाहिजे. तेराव्या वर्षी माझा आवाज उतरला आणि उतरतच गेला. सर्दी असेल म्हणून आत्यानं ओव्याच्या धुऱ्या दिल्या, अव्वानं सुंठ-गूळ खाऊ घातला, आवाज आणखी एक पायरी खाली गेला. मी आतून "आले" म्हणाले की दुकानातली गिऱ्हाईकं अप्पांना विचारायची, पाहुणे आलेत का. मठात बायका वचनं, म्हणजे आमच्यातली भजनं, म्हणायला बसल्या की मला नुसतं टाळ्या वाजवायला सांगायच्या, कारण माझ्या आवाजानं सगळ्यांचा सूर खाली ओढला जातो. अप्पांचं दिवसातून दहादा एकच, "नीले, हळू बोल. दुकानात माणसं हायेत." मी बोलणंच कमी केलं. काकांनी मात्र माझा आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. बँडात माणसाएवढी उंच एक उभी सारंगी असते, ती बोटानं छेडतात, सगळं गाणं तिच्यावर उभं असतं, असं ते म्हणाले. त्यांनी मला "डूम" दिला. माझ्या आयुष्यात माझ्या आवाजाचं कौतुक करणारं ते पहिलं माणूस, आणि त्यासाठी मी काकांना सगळे गुन्हे माफ केले.

महिन्याभरानं आत्यानं विचारलं, "आमी चौघी ऊ, वा, डूम म्हणतोय, पण गाणं कोण म्हणतंय?" काकांनी ट्रंक उघडून कागद पुन्हा चाळले. मग कळलं ते असं. बँडच्या पुढं उभी राहून एक मेमसाहेब गायची. तिला चाल तोंडपाठ होती, त्यामुळं तिच्यासाठी कागद कधी उतरवलाच नव्हता. काका मागच्या खोलीत, मधे भिंत, वर पंख्याची घरघर. त्यांच्या कानावर चाल पडली असेल, पण ध्यानात राहिली नव्हती. म्हणजे आमच्याकडं होती ती सगळी साथ, आणि ज्याला साथ द्यायची तेच सिकंदराबादेत राहून गेलं होतं. "तिची जागा मोकळी सोडा," काका म्हणाले. आम्ही सोडली. दुसऱ्या ओळीनंतर अव्वा थांबायची, आम्ही तिघी थांबायचो, आणि मेमसाहेबाचं गाऊन झालं असेल अशा बेतानं पुन्हा सुरू करायचो. मागच्या वर्षी माझ्या नातवानं फोनवर दाखवलं, परदेशात पाच-सहा जणांची टोळकी हाच उद्योग करतात, वाद्य नाही, सगळं तोंडानं, आणि लोक तिकीट काढून बसतात. त्यातलं एक गाणं ऐकताना माझ्या तोंडून आपोआप डूम निघाला. तेच गाणं होतं. तिथं एक बाई चाल गात होती. मला इतका राग आला. ही बया मधे मधे कशाला बोलते आहे, हिच्यामुळं माझ्या अव्वाचं ऐकू येईना, असं मी नातवाला म्हणाले. त्यानं फोन बंद केला.

तालमीला वेळ कुठला, तर पहाटे जात्यावर. बायकांना बसून गायची मुभा तेवढ्याच वेळी असते. पण ओव्यांवर जातं कसं भरभर फिरतं. काकांच्या गाण्यावर एक फेरा पुरा व्हायला अव्वाला दोन श्वास लागायचे. मेमसाहेबाच्या जागेला तर जातं थांबायचंच. दोन पायल्या ज्वारी दळायला उन्हं अंगणात यायची आणि पीठ पडायचं ते रव्यासारखं. भाकरी थापली की कडेनं फाटायची. अप्पा ताटावर बसून एक घास चावायचे, चावतच राहायचे आणि काकांकडं बघायचे. "ही भाकरी हाय का मुरूम?" काका शांतपणे शेंगाच्या चटणीत तेल ओतत म्हणायचे, "अप्पा, गाण्याची लय वाढीवली तर कर्नल रडणार न्हाय." अप्पा म्हणायचे, "कर्नलाचं मला सांगू नगो. दात माझं पडत्यात." तरी त्यांनी गाणं बंद केलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडत होतं. निदान दुकानात बसून ऐकताना ते वजन करायचे थांबायचे, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे.

दिवस धाकधुकीचे होते. परक्या भाषेतलं गाणं चाललंय म्हणून कुणीतरी कागाळी केली आणि पोलीस पाटील चौकशीला आला. त्याला वर लिहून पाठवायचं होतं. आम्हाला आतल्या खोलीत बसवून त्यानं दाराबाहेरून पुरं गाणं ऐकलं. मग काकांना विचारलं, "हे सरकारच्या बाजूचं हाय का इरोधात?"

"ह्यात शब्दच न्हाईत, पाटील."

"मग म्या लिव्हू काय?"

"ऐकलं त्ये लिव्हा."

पाटलानं बराच वेळ टाक दौतीत बुडवून ठेवला. शेवटी उर्दूत एक ओळ लिहिली आणि आम्हाला वाचून दाखवली. घरात चार बायका ऊ म्हणतात, मजकूर काही नाही. जाताना तो उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, मधी समद्या एकदम गप बसता, तवा लई भ्या वाटतं, तेवढं जरा बघा. काका दिवसभर खुशीत होते.

पण बातम्या थांबल्या नाहीत. कुठं जाळपोळ झाली, कुठलं गाव रातोरात हललं, रोज काहीतरी दुकानात यायचं. ज्यांना जमेल ते पोरींना हद्दीपलीकडं, सोलापूरकडं उजवून देत होते. मी सोळाची झाले याच काळजीनं अप्पांना झोप येईना. तीन स्थळं आली आणि गेली. तिसऱ्या ठिकाणच्या बाईनं तर उठता उठता अव्वाला विचारलं, "पोरीला कायमचाच असा घसा हाय का?" चौथं स्थळ सोलापूरचं, सुताचे व्यापारी, माणसं चांगली. हे मोडलं तर पुढचं येईपर्यंत रस्ते उघडे राहतील की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. अव्वानं मला आदल्या दिवशी पढवलं, "इचारलं की मान हालव. नाव इचारलं तर व्हटातल्या व्हटात सांग. त्यांना वाटू दे लाजतीया." अप्पांनी काकांना वेगळं बजावलं, "उद्या ऊ न्हाई आन् डूम न्हाई. त्वा दारात उभा ऱ्हा आन् हात बांधून ठेव." आत्यानं मागच्या खोलीतून बाहेर यायचं नव्हतं, आणि खैरूनबीनं आपल्या घरी राहायचं होतं. सगळं ठरलं होतं.

पाहुणे तिघं. मुलाचे वडील, मुलगा, आणि मुलाचे मामा. बोलण्याचं काम मामांकडं दिसत होतं. मुलाचे वडील मोठे तालेवार दिसायचे, पांढऱ्या भुवया, आणि बोलले की घर हादरायचं. अप्पांशी ते ठीक बोलले. अव्वा चुरमुऱ्यांचा सुसला घेऊन आली आणि "घ्या की" म्हणाली, तर त्यांनी मान वर केली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. अव्वाचा चेहरा पडला. आत येऊन ती आत्याला म्हणाली, "मला बघूनच त्यांचं मन उठलं." मग मला बाहेर नेलं, पाटावर बसवलं. मी मान हलवली, खाली घातली, सगळं बरोबर चाललं होतं. आणि मामा म्हणाले, "आमच्या घरात बायका वचनं म्हणत्यात सणासुदीला. एखादं म्हण की पोरी."

अप्पा घाईनं म्हणाले, तिला सर्दी हाय. मामा म्हणाले, एकच ओळ म्हण. मला वचनांचे शब्द पाठ होते, पण ती मी कधी तोंड उघडून म्हटलीच नव्हती, मी टाळ्यावाली. ज्या गोष्टीत माझा सूर चुकणार नाही अशी जगात एकच गोष्ट होती. घाबरलेलं माणूस पायाखालच्या वाटेनंच जातं. मी मोजायला लागले. कागदावर उभ्या रेघा मारून ठोक्यांची घरं पाडलेली असतात, माझ्या कागदावरची सुरुवातीची आठ घरं रिकामी होती. पाहुणे वाट बघत होते. सात झाली, आठ झाली. मी म्हणाले, "डूम."

 मी पुढची तीन घरं मोजत होते. मामा वाकून म्हणाले, "काय झालं?"

"मोजतीया," मी म्हणाले. तेही त्याच आवाजात गेलं. मग माझी जागा आली म्हणून मी पुन्हा "डूम" केलं. मामांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा जमिनीकडं पाहत होते. मुलगा छताकडं बघत होता, मला वाटलं हसू दाबतोय. लग्नानंतर त्यांनी सांगितलं की तेही मोजत होते आणि चौथा डूम त्यांनी बरोबर ओळखला होता.  अप्पांनी सहा महिने पायपीट करून आणलेलं स्थळ मी डूम डूम करून बुडवते आहे हे मला कळत होतं, पण एकदा मोजायला लागल्यावर मधे थांबता येत नव्हतं.

सोळाव्या घराला अव्वाची जागा येते. स्वयंपाकघरात ती चहाचं आधण बघत उभी होती. तिनं आयुष्यात पाहुण्यांसमोर आवाज केला नव्हता. पण तीन वर्षं रोज पहाटे त्या जागेला जे तोंडातून निघत आलं, ते निघालंच. मऊ, लांब "ऊ" दाराआडून आला. त्यावर मागच्या खोलीतून आत्याचा हेल, वरून खाली घसरत. आणि चार मोजून भिंतीपलीकडून खैरूनबी, पदर तोंडावर धरून, दबका कर्णा. मी ओसरीत, अव्वा चुलीपाशी, आत्या मागं, खैरूनबी भिंतीपलीकडं. जात्याभोवती चौघी गुडघ्याला गुडघा लावून बसायचो तेव्हा जे कधी साधलं नव्हतं ते त्या दिवशी साधलं, घरच गाऊ लागलं. काका दारात उभे, हात बांधलेले, फक्त एक बोट हलत होतं आणि डोळे वाहत होते. मेमसाहेबाची जागा आली. आम्ही चौघी थांबलो. पूर्ण शांतता. चहा उतू गेल्याचा आवाज आला. मग पुन्हा सुरू. त्या गाण्याला संपायची घाई कधीच नव्हती. सुसला गार झाला, चुरमुरे मऊ पडले, मामांनी दोनदा मांडी बदलली.

संपल्यावर मामांनी विचारलं, "झालं?"

"झालं," काका म्हणाले.

"ह्यात गाणं कुठं होतं?"

"गाणं मेमसाहेबाकडं हाय," काका म्हणाले, आणि अप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

तेवढ्यात मुलाचे वडील पुढं सरकले. माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "पोरी, पुन्यांदा म्हण बघू." मी म्हणाले, डूम. "आता नाव सांग." मी दाराकडं पाहिलं, अव्वा फटीतून ओठांवर बोट ठेवून उभी होती. मी ओठांतल्या ओठांत सांगितलं, "नीलव्वा."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "नीलव्वा! आलं ऐकू! आरं मामा, मला ऐकू आलं!"

मग उलगडा झाला. त्यांचे कान गेले होते, पण विचित्र तऱ्हेनं गेले होते. पुरुषांचं बोलणं ऐकू यायचं, बायकांचं बारीक बोलणं अजिबात नाही. घरात बायको, बहीण, मोठी सून. तिघींची नुसती तोंडं हलताना दिसायची. "सात वरसं झाली, बाईमाणसाचा सबूद कानात पडला न्हाई," ते म्हणाले. अव्वा सुसला घ्या म्हणाली तेही त्यांना कळलं नव्हतं. काका पुढं झाले. "मग बाकीच्या तिघी?"

"कोन तिघी?" म्हातारबुवांनी विचारलं.

त्यांनी फक्त मला ऐकलं होतं. आठ घरं गप्प, एक डूम, तीन घरं गप्प, एक डूम, एवढंच गाणं म्हणून ते इतका वेळ भक्तिभावानं बसले होते. काकांनी ते मनाला लावून घेतलं. "तुमी चार आण्याचं गाणं ऐकलासा, पाव्हणं," ते म्हणाले. म्हातारबुवा म्हणाले, "मला लई आवडलं. कसं मोकळं-मोकळं व्हतं." आणि अप्पांकडं वळून त्यांनी सुपारी मागितली.

माझं ठरलं आणि घरात दोघंच नाराज होते, काका आणि मी. काकांचं म्हणणं, खालचा सूर गेला तर वरच्या तिघींनी उभं कशावर राहायचं. त्यांनी हळदीच्या दिवसापर्यंत गावात कुणाचा आवाज माझ्याइतका खाली जातो का ते हिंडून पाहिलं. दोन बाप्ये सापडले, पण पहाटे बायकांच्या जात्याशी बाप्यांना कोण बसू देणार. मी नाराज होते, कारण मला त्या चौघींतून उठायचं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं. आजही नाही. मी गेल्यावर त्या तिघी गात राहिल्या, आता गाण्यात दोन जागा मोकळ्या सोडून. अव्वानं नंतर सांगितलं, तुझी जागा आली की आत्या पाटावर बोट आपटायची.

नळदुर्गावरून सोलापूर गाठलं. सासरी तिसऱ्या दिवशी दुपारी बायकांनी मला गाठलं आणि मामंजींपुढं, म्हणजे सासऱ्यांपुढं, नेऊन बसवलं. आत्तेसासूबाई म्हणाल्या, त्यांना सांग, पाटाखालचं लाकूड म्या जाळलं न्हाई, वाळवीनं खाल्लं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, विचार, चहात साखर कमी पडती का, माझं लगीन झाल्यापासनं त्यांनी एक डाव सांगितलं न्हाई. वर्षानुवर्षं तुंबलेलं सगळं माझ्या गळ्यातून निघालं. मामंजी लहान पोरासारखे ऐकत होते, एकेका गोष्टीवर "व्हय? व्हय?" करत होते. माहेरी मी तीन वर्षांत बोलले नव्हते तेवढं एका दुपारी बोलले.

सासूबाई आल्या नाहीत. मामंजी जेवायला बसायचे ते भिंतीकडं तोंड करून, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्या वाढायच्या आणि मागं सरायच्या. सगळ्या आटपल्यावर त्यांनी मला माजघरात बोलावलं. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मलाच कान द्यावा लागला. कान जायच्या आधी दोघांचं वाजलं होतं. सासूबाईंच्या माहेरची म्हैस मामंजींनी न विचारता विकली, म्हणून त्यांनी अबोला धरला. पंधरा दिवसांनी सोडला, पण तोवर मामंजींना ऐकू येईनासं झालं होतं. त्या दाराआडून जेवायला चला म्हणायच्या, मामंजी वळायचे नाहीत. आधी सासूबाईंना वाटलं, हे उलटे रुसले. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ओरडून सांगावं तर गल्ली गोळा होणार, आणि असली गोष्ट पोरांच्या तोंडून सांगायची तरी कशी. "तुला हळू सांगता यील," त्या म्हणाल्या. "त्यांला सांग, म्या अबोला सोडलाय."

दुपारचं जेवण होतं. मी मामंजींच्या पाटाशी बसले आणि खालच्या सुरात सांगितलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "कवा सोडला?"

"सात वर्षं झाली, म्हणत्यात."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "तिला म्हणावं, म्हस परत आणतो!"

दारामागं सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही. डोळे पुसून त्यांनी मला खूण केली. "म्हस नगो, म्हणावं," त्या म्हणाल्या. "इकडं तोंड करून जेवा, म्हणावं."

मी सांगितलं. मामंजी उठले, ताट बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या हातानं पाट फिरवला.